दहापैकी अकरा

कोऱ्हाळे बुद्रुकचे तात्या दर सोमवारी एका बाईला कामावरून काढून टाकतात आणि मंगळवारी सकाळी स्वतः मोटारसायकलवर जाऊन तिला परत घेऊन येतात. जाताना तिच्या पोरांसाठी बिस्किटाचे पुडे नेतात. हे किती वर्षं चाललंय कुणास ठाऊक.

तात्यांची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. शेडनेटखाली ट्रेच्या रांगा, ट्रेमध्ये वीतभर रोपं आणि ती सांभाळायला दहा-बारा बाया. काढून टाकायला कारण कुठलंही चालतं. पाणी कमी पडलं, पाणी जास्त पडलं, हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला. "उद्यापासून यायचं न्हाय. मी लई कडक माणूस हाय," असं तात्या म्हणतात आणि म्हणून झालं की स्वतःच घाबरल्यासारखे लगबगीनं निघून जातात.

बायांनी याचं वेळापत्रक करून टाकलंय. कौसाबाई त्यांच्यातली सगळ्यात जुनी. तिच्या भाच्याचं बारसं सोमवारी आलं, तर तिनं शनिवारीच सगळ्यांना बजावलं की ह्या बारीला माझा नंबर, मधी कुणी घुसायचं न्हाय. सोमवारी आल्या आल्या तिनं दोन ट्रे मुद्दाम उन्हात ठेवले. साडेनवाला तिला काढलं आणि दुपारी ती निमगाव केतकीला बारशाच्या घुगऱ्या खात होती. मंगळवारी तात्या न्यायला आले तेव्हा, माणसाला जरा दम तरी खाऊ द्या, असं वर तिनंच त्यांना ऐकवलं.

तात्यांच्या गळ्यात एक शिट्टी असते. ती 'अचानक तपासणी'साठी. रोज अकराच्या चहाला तात्या अचानक तपासणीला येतात आणि फाटकापासूनच शिट्टी वाजवत येतात. मी एकदा विचारलं, तात्या, शिट्टी वाजवली तर अचानक कसं होईल? तर माझ्याकडं असं बघितलं, जणू माझी अक्कल गहाण पडलीय. बायामाणसं पाय पसरून बसलेली असतात, एकदम कसं जायचं, म्हणाले.

तर हा माणूस स्वतःला कडक समजतो. आणि मी स्वतःबद्दल गैरसमज असलेल्या माणसांच्याच शोधात होते. म्हणजे ताटात वाढून आलेली संधी.

मी बारामतीच्या एका कॉलेजात व्यवस्थापन शिकवते आणि तीन वर्षं पीएच.डी. करतेय. विषय असा, की चार माणसं हाताखाली आली की माणसाला स्वतःबद्दल काय काय दिसेनासं होतं. पद्धत सोपी आहे. प्रश्नांचा एक कागद पुढाऱ्यानं स्वतःबद्दल भरायचा, तोच कागद हाताखालच्या लोकांनी त्याच्याबद्दल भरायचा आणि एक घरच्या माणसानं. प्रत्येक गुणाला एक ते दहा मार्क. स्वतःच्या आणि इतरांच्या मार्कांत जेवढं अंतर, तेवढा त्या माणसाचा आंधळेपणा. इंदापूर तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या अध्यक्षांनी 'मी सगळ्यांचं ऐकून घेतो' याला स्वतःला दहा दिले आणि मला पुढचे दोन तास तोंड उघडू दिलं नाही. असे नमुने मी गोळा करत हिंडत होते.

तात्या माझ्या वडिलांचे जुने दोस्त. तुमचा अभ्यास करू का, असं त्यांना विचारायची माझी सोय नव्हती, पण त्यांनीच मला बोलावून घेतलं आणि आपला अभ्यास कर म्हणून हट्ट धरला. का, ते शिट्टी हातात फिरवत फिरवत सांगितलं.

त्यांचा मुलगा विकास. शेतीची पदवी घेऊन आलेला, हुशार. त्याला नर्सरीत टोमॅटो-मिरचीची रोपं सुरू करायची होती. तात्या नको म्हणाले. महिनाभरात त्यानं नारायणगावाकडं दुसऱ्याच्या नर्सरीत नोकरी धरली. आता तिथं टोमॅटोचीच रोपं करतो. तीन वर्षांत बापलेक एकमेकांशी धड बोललेले नाहीत. आईच्या फोनवर दोघं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतात, एवढंच.

"माझ्या कडकपणानं गेला त्यो," तात्या म्हणाले. "लई बोललो त्याला. तू एवढं कागद भरून घेतीस, तर माझा कडकपणा नक्की किती, तेवढं काढून दे. पोरगं त्याच्यामुळंच गेलं आसंल तर मी नारायणगावला जाऊन माफी मागतो. पर आधी कळाय पायजे."

काकू आत भाकरी थापत होत्या. त्या आतूनच मला म्हणाल्या, ह्यांनी त्या दिवशी आवाज चढवला म्हणतात, पण मला ह्या चुलीपर्यंत काही ऐकू आलं नव्हतं. नको एवढं म्हणाले आणि लिंबाखाली जाऊन बसले. तात्यांनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बायको घाबरूनच असं बोलते, अशी त्यांची खात्री.

तात्यांनी कागद भरायला घेतला. 'शिस्तीच्या बाबतीत मी कठोर आहे' या प्रश्नावर पेन थांबलं. दहाच्या वर काय न्हाय का, विचारलं. नाही म्हटलं, तर त्यांनी दहाच्या पुढं स्वतःच एक चौकोन आखला, त्यात अकरा लिहिलं आणि खाली सही ठोकली.

मग मी बायांकडं गेले. तात्यांना कडकपणाचे किती मार्क द्याल, म्हटलं. शेडनेटखाली जो काय हशा उसळला, तो रस्त्यापर्यंत गेला असणार. कडक? तात्या? शालन नावाची एक पोरगी तर ट्रेच्या कडेला टेकून डोळे पुसायला लागली. मी मनात म्हटलं, आता माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण फुकटात सुटलं. पण कौसाबाईनं पदर सावरला आणि मला सांगितलं, दहा लिवा.

खरं ते लिहायचं असतं कौसाबाई, शास्त्र आहे हे, असं मी समजावलं. हा कागद गुप्त राहतो, कुणाचं नाव कळत नाही, हेही सांगितलं. कौसाबाई माझ्याकडं दयेनं बघत राहिली.

"तुमचा अभ्यास चार दिसांचा. आमाला हितं रोज यायचंय," ती म्हणाली. "त्या माणसाला वाटतं, आपण कडक हाय म्हणून ही नर्सरी चालती. त्ये काढून घेतल्यावं त्येनं कशावं उभं ऱ्हायाचं?"

झालं. झाडून सगळ्या बायांनी दहा दिले. तात्यांचे अकरा मी दहाच धरले होते, परिणामी माझ्या अभ्यासात, बारामती-इंदापूर दोन्ही तालुके धरून, स्वतःला अचूक ओळखणारा एकमेव पुढारी म्हणून तात्यांचा पहिला नंबर आला. मी घरी येऊन कपाळाला हात लावला. तीन वर्षं मी माणसांचे आंधळे कोपरे शोधत हिंडले आणि एक कौसाबाई मला आडवी आली.

राहिला घरच्या माणसाचा कागद. काकूंनी भरावा असं मी सुचवलं होतं, पण तात्यांना तो विकासकडूनच हवा होता. मी त्याला मोबाइलवर पाठवला. आठ दिवस काही आलं नाही. तात्या रोज फोन करायचे, नर्सरीचं काहीतरी बोलायचे आणि शेवटी, आला का त्यो कागद, विचारायचे. मी नाही म्हटलं की, आसू दे, कामात आसंल, म्हणायचे.

नवव्या दिवशी हातानं भरलेल्या कागदाचा फोटो आला. मी वाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून कोऱ्हाळ्याला गेले. खरं तर असे कागद कुणाला दाखवायचे नसतात, पण विकासनंच खाली लिहिलं होतं, 'ताई, हे तात्यांना वाचून दाखव. मला बोलायला जमत नाही.'

तात्या चहाला बसले होते. काकूही आल्या होत्या. बाया काम करण्याचं नाटक करत जवळ जवळ सरकल्या. मी म्हटलं, तात्या, कडकपणाला विकासनं शून्य दिलंय. कागदावर शून्य नव्हतंच, त्यानं एकाच्या अलीकडं नवा चौकोन आखून ते लिहिलंय.

तात्यांना ते पटेना. नीट बघ म्हणाले, एकावर शून्य आसंल. मग मी खालचं वाचलं.

'तात्या कडक असते तर बरं झालं असतं. निघालो त्या दिवशी मी दारात बसून दहा मिनिटं बुटाच्या नाड्या बांधत होतो. बांधायचो, सोडायचो. तात्या एकदा थांब म्हणाले असते तर मी बूट काढून ठेवणार होतो. तात्या आले, खाली बसले आणि त्यांनी माझ्या नाड्या बांधून दिल्या.'

काकू पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. तात्या आपल्या हाताकडं बघत राहिले.

"मला वाटलं, गाठ बसंना त्याची," ते हळूच म्हणाले. "एसटी चुकंल म्हणून बांधली."

मग त्यांनी माझा फोन मागितला. नंबर मीच लावून दिला. त्यांना फोन कानाला लावून बोलायची सवय नाही, स्पीकर चालू करून तोंडासमोर धरतात, त्यामुळं पलीकडची घंटी आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती. विकासनं उचलला. ताई, बोल, म्हणाला. तात्यांनी फोन तोंडाजवळ नेला, परत लांब धरला. कौसाबाईनं त्यांच्या पाठीला चक्क कोपर मारलं.

"मी हाय," तात्या म्हणाले. "माघारी ये."

पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तो कुणीतरी बंद केला.

"किती दिवस?" विकासनं विचारलं.

तात्यांनी काकूंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. कुणी मदतीला येत नाही म्हटल्यावर ताठ उभे राहिले.

"मी जा म्हणंस्तवर," ते म्हणाले. "आन् मी म्हणणार न्हाय."

मग विकास म्हणाला, बरं तात्या.