बाजीबाला चार खांदे

एका जंगलात, मुलांनो, वैद्य चांगला होता, पण रस्ता नव्हता. अस्वलवैद्यांची गुहा टेकडीच्या माथ्यावर. आजाऱ्याला तिथे न्यायचं तर डोलीत घालून, खांद्यावर घेऊन चढायचं.

हे काम चौघं करत. फुकट करत आणि आनंदाने करत. हाक आली की तोंडचा घास टाकून पळत. जंगलाला त्यांचं भारी कौतुक! दरवर्षी त्यांना शाल मिळे, नारळ मिळे. डोलीला हात मात्र कुणी लावत नसे.

पुढे रानडुकराचे गुडघे गेले. नीलगाय पोटापाण्यासाठी दुसऱ्या जंगलात गेली. उरले दोघं, बाजीबा तरस आणि सखूआक्का साळिंदर. कमी पडणारे दोन खांदे ते दर वेळी हातापाया पडून मिळवत.

एके सकाळी बाजीबालाच फुरसं चावलं. पाय भोपळ्यासारखा सुजला.

"आक्का, आज माझी पाळी गं," तो म्हणाला.

आता तीन खांदे हवे होते. सखूआक्का धावत वानर सरपंचांकडे गेली.

"अरेरे! आपला बाजीबा?" सरपंच कळवळले. "आलोच असतो गं. पण त्याच्याच सत्काराची बैठक चालू आहे."

हरिणी म्हणाली, "माझं मन फार हळवं. मला कुणाचे हाल बघवत नाहीत."

कोल्हा म्हणाला, "आपण कशाला खांदे झिजवायचे? सिंहमहाराज डोली पाठवणार आहेत. चार भोई, वर घंटा."

"कधी?"

"जाहीर तर झालंय!"

रेडा तर स्पष्टच बोलला. "तुझ्याशेजारी कोण उभं राहणार? काटे टोचतात."

सखूआक्का परतली तेव्हा बाजीबाचे डोळे मिटत चालले होते. तिला रडू फुटलं. ज्याने अर्धं जंगल टेकडीवर चढवलं, त्याला वर न्यायला कुणी नाही! मग तिला राग आला. आणि रागात तिला आठवलं, म्हातारा ससा वारला तेव्हा खांदा द्यायला केवढी गर्दी लोटली होती.

"बाजीबा, जरा मरून पड."

"आक्का, मी मरतोच आहे."

"मग सोपं आहे. गप पड."

आणि तिने हंबरडा फोडला, "बाजीबा गेला हो!"

काय झुंबड उडाली, मुलांनो! सरपंच बैठक मोडून आले. हरिणी फुलं घेऊन आली. रेड्याने बांबू आणले. बाजीबाच्या अंगावर सत्काराचीच शाल घातली. पहिला खांदा कुणाचा, यावरून सरपंच आणि कोल्ह्याची जुंपली. काट्यांची तर कुणाला आठवणही राहिली नाही.

"असा तरस पुन्हा होणे नाही!" कोल्हा चढणीवर हुंदके देत होता. शालीखाली बाजीबाला जरा बरं वाटलं.

स्मशान टेकडीपलीकडे होतं. तिरडी वाटेत एकदा खाली टेकवतात, त्याला विसावा म्हणतात. सखूआक्काने विसावा घ्यायला लावला तो नेमका वैद्यांच्या दारात.

वैद्यांनी घाईघाईने मुळी उगाळून पाजली. सगळे "हे काय, हे काय" करत असतानाच बाजीबा शिंकला. थोड्या वेळाने उठून बसला. सखूआक्का त्याला मिठी मारणार होती, पण काटे आठवून थांबली.

बाकीचे मात्र खवळले.

"ही शुद्ध फसवणूक आहे!" सरपंच ओरडले. "माझं श्रद्धांजलीचं भाषण तयार होतं!"

"मी खरंखुरं रडले," हरिणी म्हणाली. "ते आता कोण भरून देणार?"

तिथल्या तिथे सभा भरली. ठराव झाला की असला प्रकार पुन्हा होऊ द्यायचा नाही. यापुढे वैद्यांनी स्वतः तपासून "गेला" म्हटल्याशिवाय कुणी रडायचं नाही.

तेव्हापासून त्या जंगलात कुणी आडवं पडलं की सगळे धावत येतात. त्याला खांद्यावर घेतात आणि खात्री करून घ्यायला पळत पळत वैद्यांकडे नेतात. पोचता पोचता बरेचजण वाचतात. सरपंच भाषण घेऊन सर्वांत पुढे असतात. आजारी बरा झाला की थोडे हिरमुसतात, पण पुढच्या खेपेला पुन्हा येतात.

बाजीबा आणि सखूआक्का "हळू, हळू" म्हणत मागून चालतात.

तात्पर्य : संकटात सापडल्यावर "वाचवा" म्हणून ओरडू नये, शेजारी कामात असतात. "मेलो" म्हणावं. त्या कामाला सगळ्यांना सवड असते.