समासातली मंडळी

घड्याळजींना ते पुस्तक इतकं आवडलं, की दहाव्या पानावरच त्यांनी पेन्सिल हातात घेतली. ख्रिस्ती माणसाने रविवारी चर्चला जाऊन यावं हे ठीकच, पण सोमवार ते शनिवार घरात, दुकानात आणि रस्त्यात त्याने नेमकं कसं वागायचं, असा पुस्तकाचा विषय. चर्चकडे एकच प्रत होती आणि रविवारी उपासनेनंतर घड्याळजींनी पुस्तकाचं रसग्रहण करायचं ठरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणी भाषणाला उभं करत होतं. स्वारी भलतीच खुशीत होती.

पण दिवसभर डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांच्या घड्याळांतला बिघाड शोधणारा माणूस पुस्तकही तसंच वाचणार. प्रत्येक उताऱ्याला त्यांना कुणीतरी आठवे आणि ते समासात बारीक अक्षरात तशी नोंद करत. मागून आणलेल्या वस्तू परत करण्याविषयी होतं, तिथे ‘मेहुण्याने पाठ करावे.’ रागाशेजारी ‘बेकरीवाल्याने दोनदा वाचावे.’ प्रेमाच्या प्रकरणात ‘आटोपशीर प्रवचन हेही प्रेमच. पाळकसाहेबांनी लक्षात घ्यावे.’ नववं प्रकरण दुसऱ्याचं ऐकून घेण्यावर होतं. तिथे नुसतंच ‘ही!!’ शनिवारी संध्याकाळी सगळं खोडायचं, म्हणून त्यांनी नवाकोरा खोडरबरही आणून ठेवला होता.

शनिवारी दुपारी ते जेवायला घरी आले, तर टेबलावर पुस्तक नाही.

“अहो, पाळकसाहेब घेऊन गेले. त्यांना उद्यासाठी एक उतारा हवा होता,” बायको म्हणाली.

“आणि तू दिलंस? मला न विचारता?”

“चर्चचं पुस्तक चर्चच्या माणसाला दिलं. त्यात विचारायचं काय? बसा आता, वाढलंय...”

पण घड्याळजी तोवर जिना उतरलेसुद्धा होते.

पाळकसाहेबांनी गंभीर चेहऱ्याने दार उघडलं. “या. पान त्रेचाळीस वाचलं मी.”

घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. “साहेब, ते... ते लेखकाचं मत आहे.”

“लेखक आमच्या उपासनेला येतो वाटतं?” असं म्हणून पाळकसाहेब एकदम हसत सुटले. “अहो, माझी बायको वीस वर्षं हेच सांगतेय. उद्याचं प्रवचन बारा मिनिटांत, बघाच तुम्ही!” पुस्तक मात्र त्यांनी बेकरीत पाठवलं होतं. बेकरीवाल्याने ते दोनदा वाचावं असं आत स्पष्टच लिहिलं होतं ना.

बेकरीवाल्याचा आवाज चढला की अख्ख्या गल्लीला कळत असे. घड्याळजी उंबऱ्याबाहेरच थांबले.

“तूच लिहिलंस ना हे?”

“गंमत रे... सहज आपली.”

“गंमत कसली? पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुला भट्टीत घालावंसं वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं आणि माझं मलाच हसू आलं.” त्याने पिठाच्या हातांनी घट्ट मिठी मारली आणि एक गरम पाव घड्याळजींच्या काखेत कोंबला. “पुस्तक तुझ्या मेहुण्याला दिलंय. पाठ करायला वेळ लागेल त्याला.”

मेहुणा दारातच शिडी धरून उभा होता. “भाऊजी, तीन वर्षं झाली हो नेऊन. लाज वाटली मला. ही घ्या.”

“शिडी राहू दे रे, पुस्तक कुठाय?”

“ताईला देऊन आलो. नवव्या प्रकरणात तिचं काहीतरी होतं.”

कोटाला पीठ, काखेत पाव आणि खांद्यावर शिडी, अशा थाटात घड्याळजी घरी पोचले. बायको पुस्तक उघडून बसली होती.

“हे बघ, मी सांगतो तुला,” त्यांनी सुरुवात केली. ती ऐकत राहिली. खुणा भाषणासाठी केल्या होत्या, असं ते म्हणाले. ती ऐकत राहिली. अक्षर आपलं नसेलही, असं त्यांनी सुचवून पाहिलं. तरी ती ऐकतच राहिली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण घड्याळजींना बायकोची इतकी भीती कधी वाटली नव्हती. सगळ्या थापा संपल्यावर खरं तेवढं उरलं.

“चुकलो मी.”

“झालं बोलून? मग आता माझं ऐका. पुस्तक सगळं चाळलं मी. अख्खी मंडळी आहे त्यात, तुम्हीच तेवढे नाही.”

रविवारी प्रवचन खरोखरच बारा मिनिटांत संपलं. डुलकी काढणाऱ्यांची फार पंचाईत झाली. मग घड्याळजी उभे राहिले. लिहून आणलेल्या भाषणाची त्यांनी घडी घातली.

“पुस्तक फार सुंदर आहे. मी ते पूर्ण वाचलं, पण तुमच्यासाठी वाचलं. माझ्यासाठी वाचायचं राहूनच गेलं. तेव्हा मला ते आणखी एक आठवडा मिळावं, एवढीच विनंती.”

मग बेकरीवाल्याने टाळी वाजवली आणि सगळं चर्च हसू लागलं. घड्याळजींच्या मनावरचं ओझं उतरलं. त्यांना मनापासून आनंद झाला.

पुस्तक मात्र मिळालं नाही. गोष्ट एव्हाना सगळीकडे पसरली होती. आपल्यावर काय लिहिलंय ते बघायला एकोणीस जणांनी नावं दिली होती आणि पहिलं नाव होतं ऑर्गन वाजवणाऱ्या आजींचं.

“आजी, तुमच्यावर काहीच लिहिलं नाही हो मी,” घड्याळजी घाईघाईने म्हणाले.

“काहीच नाही?” आजी भडकल्या. “चाळीस वर्षं चुकीचे सूर वाजवतेय मी, आणि काहीच नाही? थांब, तुझा नंबर विसावा ना? तोवर आम्ही सगळे तुझ्यासाठी खुणा करून ठेवतो.”

यादीत दुसरा नंबर बायकोचा होता. खुणा करायला नववं प्रकरण सोडून बाकीची सगळी तिला हवी होती; ऐकून घ्यायला घड्याळजी शनिवारीच शिकले होते.