बाबाजी हवालदारांचा पूल

"मास्तर, तुमी पावणेतीन इंच!"

मी पोलादपुरात बदलून आलो तेव्हा बाबाजी हवालदारांनी माझं असं स्वागत केलं. एक इंच म्हणजे दोन फूट, या मापातच ते जग बघत. त्यांची बायको, आमच्या काकी, अडीच इंच. सरपंच तीन, "पन अकलेनं पाव."

मोठ्या लढाईत ते इटलीत होते. तिथं पाहिलेले रणगाडे काही डोक्यातून जाईनात. मग सावरीचं लाकूड, बिस्किटांच्या डब्याचा पत्रा आणि सायकलची चेन घेऊन ते पडवीत बसत आणि त्याच मापात छोटे रणगाडे बनवत. तोफेचा रणगाडा मात्र त्यांनी कधी केला नाही. "तोफ कोन बी डागतो. फुडं रस्ता कोन करतो, सांगा!" साखळ्या आपटून सुरुंग फोडणारा, खंदकात लाकडाच्या मोळ्या टाकणारा, पाठीवर पूल वाहणारा, अशी सगळी कष्टकरी मंडळी फळीवर ओळीनं उभी असत. काकी चिडायच्या, "देवाला जागा नाय, ह्येंच्या गाड्यांना हाय!"

पासष्टची लढाई लागली आणि हवालदारांची थट्टा आटली. त्यांचा मुलगा येसू सरहद्दीवर तसल्याच पूलवाल्या रणगाड्यावर होता. तीन आठवडे पत्र नव्हतं. त्यात कशेडी घाटात थांबलेल्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं, तिकडं वाटेत कालवा आहे, चाळीस फूट रुंद.

दुसऱ्या दिवशी हवालदार मला शाळेतून ओढूनच घेऊन गेले. अंगणात त्यांनी वीस इंच रुंद चर खणून पाणी सोडलं होतं. काठावर रणगाडा होता, आणि त्याचा पूल पंधरा इंच.

"माजं गनित चुकलंय. तपासा."

मी दोनदा पट्टी लावली. हिशेब चोख होता.

"बरोबर आहे," मी म्हणालो. मग घाईघाईनं, "आताचे पूल लांब असतील, हवालदार. तुमचा इटलीतला, जुना."

"असतील," ते म्हणाले. दारातून काकी आमच्या तोंडाकडे बघत होत्या.

हवालदार गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळव्यांनी काठाची माती चरात लोटू लागले. हळूहळू, बोटाबोटानं चर अरुंद होऊ लागला.

मी आजवर कुणाला अर्धा मार्कही वाढवून दिलेला नाही. धोतर सावरून मी समोरच्या काठाला बसलो आणि माझ्या बाजूनं माती लोटू लागलो.