हिस्टोनांनी सूत सोडिले ती हकिकत

श्रीसूत्रधारास नमन, आणि ज्यांचे हाती सूत राहिले त्यांसही नमन. शके १९४१ विकारीनाम संवत्सरी, भाद्रपद मासी, शरीर नामे मुलखात, उजव्या अंगठ्याचे सरहद्दीवर, पांढऱ्या पेशीचे एक राज्य होते. उमर दिवसभराची. त्याचे दफ्तर म्हणजे डीएनए नामे सूत, साडेचार हात लांब, आणि कोठी ऐशी की एका मोहरीत लाखो मावाव्या. एवढे सूत एवढ्यात बसविले ते हिस्टोन नामे प्रथिनांचे घराण्याने. आठ आठ असामी कोंडाळे करोन बसत, सुताचे पावणेदोन वेढे अंगाभोवती घेत आणि घट्ट धरीत. एक हात मात्र बाहेर. त्यावर कारभारी खूण करी, मग तेवढा वेढा ढिला करावा, कारकुनाने मजकूर उतरोन घ्यावा आणि पुन्हा आवळावे, ऐसा शिरस्ता. स्वतः हिस्टोनांस अक्षर येत नसे.

मग अंगठ्यास बाभळीचा काटा रुतला आणि जंतूंची फौज आत शिरली. होता नव्हता तो दारूगोळा सरला, तेव्हां राजेसाहेबीं आज्ञा केली आणि पदाजी कारभारी कोठीत येऊन एकेकाचे हातावर खूण करीत चालले. रुमाजी हिस्टोन म्हणोन वडील असामी होते, त्यांनी शिरस्त्याप्रमाणे वेढा ढिला केला आणि पुसिले, "कोणता मजकूर वाचणे आहे?"

पदाजींनी मान खाली घातली. म्हणाले, "वाचणे नाही, रुमाजीबावा. सगळेच सोडणे आहे. बाहेर टाकोन जाळे करणे आहे."

मग बावांस बहुत रडू आले, आणि पदाजींनी समजूत घातली की या दफ्तराची नक्कल आसपासच्या हरेक राज्यात आहे, काही बुडत नाही.

"असेल," बावा म्हणाले. "आमचे हाती हीच होती."

मग पकड सुटली, कोठीची भिंत फुटली, सूत तटाबाहेर पसरले, आणि त्यासवे राजे पडले, राज्य बुडाले. हिस्टोनही सुतासंगेच बाहेर गेले. जंतू जाळ्यात अडकले आणि हिस्टोनांचे अंगची जहरी आग त्यांस भोवली, आणि खरे सांगावे तर शेजारच्या आपल्याच रयतेसही झोंबली. रुमाजीबावा पडले तेव्हां हात फिरतच होता, सूत गुंडाळीत.

दुसरे दिवशी अंगठ्याची धनीण गोदूबाई हिने पू झाला म्हणोन कापसाच्या बोळ्याने सारे पुसोन टाकिले, आणि भाकऱ्या थापावयास बसली.

सारांश, अंगठा बरा जाहला. मजकूर कोठे बुडाला नाही, नकला जागोजाग आहेत. धरणारे हात तेवढे गेले, आणि त्यांची नक्कल कोणी ठेविली नव्हती.