रंगुबाईंच्या उशाचा टीव्ही

आपण बरे आहोत की नाही, हे सांगण्याचा अधिकार आजारी माणसाला नसतो. पूर्वी तो घरातल्या थोरांकडे असे. हल्ली तो उशाशी टांगलेल्या मॉनिटरकडे आला आहे, आणि हे एकंदरीत योग्यच झालं. माणूस कण्हतो, कुरकुरतो, वेळप्रसंगी खोटंही बोलतो. मॉनिटर नुसते आकडे दाखवतो आणि चहा मागत नाही.

सांगलीतल्या एका रुग्णालयात मी हर्नियाच्या निमित्ताने मुक्कामाला असताना शेजारच्या कॉटवर जतकडच्या रंगुबाई आल्या. सगळा जन्म मेंढरांमागे चालण्यात गेलेला. न्यूमोनियामुळे दिवसाउजेडी पहिल्यांदाच आडव्या झाल्या होत्या. उजव्या हाताला सलाईन, डाव्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा आणि उशाशी मॉनिटर. (घरचे त्याला टीव्ही म्हणत. पुढे वॉर्डातले सगळेच म्हणू लागले.)

आजाऱ्याला बघायला जाण्याची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. तीत आता फार सुधारणा झाली आहे. संध्याकाळी पाहुण्यांची जीप यायची, बिस्किटांचे पुडे पायाशी जमायचे आणि मंडळी हाताची घडी घालून टीव्हीसमोर उभी राहायची.

"पंच्याण्णव हाय."

"काल त्र्याण्णव व्हतं."

"मग सुधारणा हाय की!"

समाधान पावून मंडळी परत. दहांतल्या नऊ पाहुण्यांना ऑक्सिजन तोंडपाठ होता. (दहावा चुकून माझ्या कॉटपाशी आला. रंगुबाई समजून त्याने माझी अगदी मनापासून विचारपूस केली.)

एके दिवशी रंगुबाईंच्या सलाईनची सुई शिरेतून सरकली. पाणी कातडीखाली साठून हात फुगू लागला.

"बिराप्पा, हात लय ठणकतोय रं. बघ की जरा."

बिराप्पा हा थोरला मुलगा. आईच्या शब्दाबाहेर नाही. त्याने तत्परतेने टीव्ही बघितला. "आय, अठ्ठ्याण्णव हाय! लय झ्याक. गप पड."

अठ्ठ्याण्णव खरोखरच होता. फक्त तो रंगुबाईंचा नव्हता. त्यांचा धाकटा भाऊ केरबा याने 'माझा किती येतोय बघू' म्हणून चिमटा आपल्या बोटाला लावला होता, आणि आलेला आकडा त्याला इतका आवडला की काढवेना. यंत्र क्षणभर कुरकुरलं. केरबाचं बोट मिळताच निवांत झालं. यंत्रांचा स्वभाव असा मोठा असतो.

"आरं, हात माझा दुखतोय आन् आकडा केरबाचा बघतुयास व्हय?"

"आक्का," केरबा समजुतीने म्हणाला, "आकडा कुणाचा का असंना, चांगला हाय न्हवं?"

एवढ्यात प्रीती सिस्टर आल्या. दारातूनच त्यांनी पडद्यावर नजर टाकली. "मावशी, अठ्ठ्याण्णव! छान आहे हं." आणि गेल्या.

हाताची कातडी आता चकाकायला लागली होती. सांगून न वळणारा कळप रंगुबाईंनी आयुष्यभर वळवला होता. कुठल्या आवाजाला तो मान फिरवतो, एवढंच शोधायचं असतं. त्यांनी डावा हात लांबवला, केरबाच्या बोटाचा चिमटा ओढून काढला आणि उशीखाली सारला.

टीव्हीने ठणाणा केला.

प्रीती सिस्टर धावत आल्या. मागून डॉक्टर. बाहेर चहा पीत असलेले पाहुणे कपासकट आले. बिराप्पाने "आय गं!" म्हणून हंबरडा फोडला आणि कॉटचा गज धरला.

"आलासा सगळी?" रंगुबाई म्हणाल्या. "आता हात बघा."

सगळ्यांनी हात बघितला. पहिल्यांदाच. सिस्टरनी घाईने सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला. आणखी उशीर झाला असता तर हाताचं अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बघा, मॉनिटर असल्याचा हा फायदा."

मंडळींना ते पटलं. आईला घरी नेताना बिराप्पाने पेठेतून तसलाच एक चिमटा विकत घेतला. आता रोज सकाळी आईच्या बोटाला तो लावतो, आकडा बघतो आणि रानात जातो. आई काहीतरी सांगत असते, पण आकडा चांगला असतो.

तुम्ही हसलात, ते ठीक आहे. परवा तुम्हीही कुणाला तरी बघायला दवाखान्यात गेला होतात. ऑक्सिजन किती होता, ते घरी येऊन फोनवर चौघांना सांगितलंत.

आजारी माणूस काय म्हणत होता?