धुक्यातला सोळावा प्रवासी

गोपीनाथ तावडे निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी खडवलीच्या नियोजित घराचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. कोपरे उडू नयेत म्हणून त्यावर मिठाची बरणी, पाण्याचा तांब्या, लोणच्याची बाटली आणि चष्म्याचं घर ठेवलं. पुढचे सहा महिने तो नकाशा तिथून हलला नाही. त्यांच्या बायकोला, हेमाताईंना, ताटं त्याच्यावरच मांडावी लागत. आमटीचा एक ओघळ तर थेट बेडरूममधून व्हरांड्यात गेला होता.

हेमाताईंना खडवलीला जायचं नव्हतं; अकरा वर्षांपूर्वी तिथे जागा घेतली तेव्हापासूनच नव्हतं. गावाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. नदी आहे, झाडं आहेत, हवा छान आहे. पण डोंबिवलीत त्यांची सकाळची भाजी होती, दुपारचं वाचनालय होतं, संध्याकाळी फडके रोडवर दहा पावलांना एक ओळखीचं माणूस होतं. हे सगळं नवऱ्याला सांगायचं त्यांनी अनेकदा ठरवलं. पण गोपीनाथरावांशी बोलणं म्हणजे विहिरीत दगड टाकण्यासारखं होतं. दगड टाकावा, कान देऊन थांबावं, आणि बऱ्याच वेळानं खालून आवाज यावा, "हूं." त्या 'हूं'चा अर्थ हो, नाही, की चहा टाक, हे चौतीस वर्षांत त्यांना उलगडलं नव्हतं.

मुलगी समृद्धी पुण्याला असते. तिनं परस्पर मेघालयाच्या सहलीत दोघांची नावं घातली. "आई, तिकडे जा आणि काय ते एकदा बोलून टाक. चुनखडीचे डोंगर, खोल दऱ्या, गुहा, देवराई, नऊ व्ह्यू पॉइंट! एवढं बघून कुणीपण पाघळेल."

हेमाताईंना ते पटलं. दरीच्या काठावर उभा असलेला माणूस जरा नरम असतो, असा त्यांचा हिशेब होता.

फक्त दरी दिसायला हवी होती. पहिल्या दिवशी चार व्ह्यू पॉइंट झाले आणि चारही ठिकाणी एकच देखावा होता: धुकं. सहलीचा व्यवस्थापक स्वानंद हा कळव्याचा उमदा मुलगा. तो प्रत्येक ठिकाणी कठड्यापाशी उभा राहून हात फैलावायचा. "आपल्या समोर आहे हजार फुटांचा चुनखडीचा कडा, आणि त्याच्यापलीकडे बांगलादेशचं मैदान!"

"कुठाय?" शेजारच्या इमारतीतली प्रीती विचारायची.

"ह्याच्या मागे," स्वानंद धुक्याकडे बोट दाखवायचा. मग सगळे त्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहून फोटो काढायचे. हजार फूट म्हटल्यावर काही जण त्याचा मान राखून दोन पावलं मागेही सरकायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्याच्या जोडीला पावसाची भुरभुर आली. पाचव्या व्ह्यू पॉइंटच्या फाटकाशी एक बाई लांबलचक निळे रेनकोट विकत होती. स्वानंदच्या बसमधल्या सोळाही जणांनी ते घेतले. पाठोपाठ कोलकात्याची एक मंडळी तशाच पांढऱ्या बसमधून उतरली, त्यांनीही घेतले. कानटोप्या तर सगळ्यांनी घरूनच आणल्या होत्या. थोड्याच वेळात त्या धुक्यात तीसेक निळे ढगळ आकार फिरू लागले आणि 'काय हो, तुम्ही का?' असं विचारल्याशिवाय कोण कुणाचं हे कळेनासं झालं.

थंडीनं सगळे लवकरच परतले. हेमाताई बसमध्ये चढल्या तेव्हा त्यांच्या सीटवर, खिडकीपाशी, निळा रेनकोट कानटोपी हनुवटीवरून नाकापर्यंत ओढून, काचेला डोकं टेकून आधीच झोपला होता. त्यात नवल काहीच नव्हतं. गोपीनाथराव विमानात झोपले होते, गुहेतल्या बाकावरही झोपले होते. स्वानंदनं डोकी मोजली. "चौदा, पंधरा, सोळा. चला!"

बस वळणं घेऊ लागली. हेमाताईंच्या चष्म्यावर वाफ धरली होती. बाहेर काही दिसत नव्हतं, आत काही दिसत नव्हतं, आणि दोन तासांचा रस्ता होता. बोलायला ह्याहून बरी वेळ येणार नाही, असं त्यांना एकदम वाटलं. दरी नसली तर नसली.

"अहो," समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत त्या म्हणाल्या, "मला खडवलीला राहायचं नाहीये."

शेजारून 'हूं'सुद्धा आलं नाही. पण कानटोपी किंचित हलली. म्हणजे ऐकतायत.

मग हेमाताई थांबल्या नाहीत. नकाशापासून त्यांनी सुरुवात केली. तिथे दोन व्हरांडे आहेत, पण त्यात बसून बोलायचं कुणाशी, हे विचारलं. तिकडे तुम्ही झाडांना पाणी घालाल आणि मी तुम्हाला चहा घालीन, एवढंच ना, म्हणाल्या. ओघात प्रीतीचं घोरणं आलं, स्वानंदचं धुकं आलं, नणंदेनं बारशाला आणलेली साडीही आली. शेवटी आवाज जरा कापला. "मी तुम्हाला कधी कशाला नाही म्हटलं नाही. एवढं एक म्हणते. चालेल का?"

कानटोपी सावकाश, पण स्पष्टपणे, होकारार्थी हलली.

हेमाताईंचे डोळे भरून आले. एवढं सोपं होतं तर अकरा वर्षं कशाला घालवली! त्यांनी थर्मास काढला, पेल्यात चहा ओतला आणि मायेनं म्हणाल्या, "घ्या. गरम आहे."

चहा पिण्यासाठी कानटोपी हनुवटीखाली गेली आणि खालून एक भरघोस पांढरी मिशी बाहेर आली.

गोपीनाथरावांना मिशी नव्हती.

हेमाताईंनी मारलेल्या किंकाळीनं चालकानं करकचून ब्रेक दाबला. सगळी बस उभी राहिली.

"कोण तुम्ही?"

"मी घोषाल," मिशीतून आवाज आला.

"आणि आमचे हे कुठेत?"

घोषालांनी थोडा विचार केला. "बहुतेक माझ्या मिसेसबरोबर."

"अरे स्वानंद! तू डोकी मोजलेलीस ना?" प्रीती कडाडली.

"मोजलेली ना! सोळाच होती. आत्तापण सोळाच आहेत!" स्वानंद रडकुंडीला आला.

गोपीनाथरावांना फोन लावावा, तर दुसऱ्याच क्षणी हेमाताईंच्या पर्समध्ये तो वाजला असता. गुवाहाटीच्या हॉटेलात ते तो उशीखाली विसरले होते, तेव्हापासून तो पर्समध्येच जप्त होता. शेवटी चालकानं दुसऱ्या बसच्या चालकाला फोनवर गाठलं. ती बसही पुढच्याच दरीवर येत होती.

तोवर हेमाताईंच्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला. हा माणूस मघाशी त्यांच्याशी मराठीत बोलला होता.

"तुम्हाला... मराठी कळतं?"

"ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये बावीस वर्षं नोकरी केली ना. वर्तकनगरला राहायचो," घोषाल ओशाळून म्हणाले. "मी झोपलेलो, खरंच. जाग आली तेव्हा तुम्ही व्हरांड्यांवर आलेल्या. म्हटलं सांगू, चुकीच्या बसमध्ये आहे. पण तुम्ही मध्ये थांबेनातच. मग तुम्ही रडायला लागल्या. तेव्हा कसं सांगणार?"

"आणि मान का हलवलीत?"

"मला पटलं ते," घोषाल म्हणाले. "चहा फार छान आहे."

"घोरणं कुणाचं म्हणालात हो?" मागच्या सीटवरून प्रीतीनं विचारलं. हेमाताई खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघू लागल्या.

दरीच्या फाटकाशी दोन्ही बस शेजारी शेजारी लागल्या. कोलकात्याच्या बसमधून गोपीनाथराव डोळे चोळत, हातात संदेश मिठाईचा डबा घेऊन उतरले. समोर हेमाताई दिसताच म्हणाले, "अगं, तू कधी उतरलीस?"

गोपीनाथरावांमागून मिसेस घोषाल उतरल्या आणि दोन्ही हातांनी नमस्कार करून कौतुकानं म्हणाल्या, "बहुत अच्छे आदमी हैं आपके. हम तो देखते ही समझ गये कि हमारे नहीं हैं. पर इतना आराम से सोये थे, कैसे उठाते? बीच में हम बांग्ला में कुछ पूछते, तो बोलते थे, हूं. मिठाई खायेंगे? हूं. कोलकाता आयेंगे? हूं. पूजा में पंद्रह दिन रहेंगे? हूं."

"अहो!" हेमाताई म्हणाल्या. "दोन तास तुमच्या शेजारी बाई बंगालीत बोलतेय, आणि तुम्हाला पत्ता नाही?"

गोपीनाथरावांनी एकदा मिसेस घोषालांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "मला वाटलं, तू आहेस."

दोन्ही बसमधली मंडळी खो खो हसली. हेमाताई मात्र हसल्या नाहीत. त्या वळून तरातरा कठड्याकडे चालू लागल्या. गोपीनाथरावांना काहीतरी बिनसल्याचं कळलं, आणि ते डब्यासकट मागोमाग धावले.

"हेमा, काय झालं?"

"मला खडवलीला राहायचं नाहीये."

एवढं एकच वाक्य. ते ऐकून गोपीनाथराव जागच्या जागी उभे राहिले. डबा सावरत म्हणाले, "हे कधी ठरलं?"

"तुम्ही जागा घेतलीत त्या दिवशी. अकरा वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले ना आज, दोन तास, त्या घोषालांपाशी! तुम्हीच नव्हता."

गोपीनाथराव कठड्याला टेकले. सहा महिने आपण त्या नकाशावर जेवत होतो आणि समोरचं माणूस काय गिळतंय हे बघितलं नाही, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी घसा खाकरला. "मोठं घर नको मग. एक खोली बांधू. झाडांपुरती. मी शनिवार-रविवार जाऊन येत जाईन. तुला वाटलं तर ये, नाहीतर नको. राहायचं डोंबिवलीतच."

"नक्की?"

"नक्की," ते म्हणाले. आणि मग, बायकोचा अजून विश्वास बसलेला नाही असं वाटून, डबा कठड्यावर ठेवून पूर्ण तिच्याकडे वळले. "पण त्या घोषालना जे जे सांगितलंस ना, ते मला सांग. सगळं. पहिल्यापासून. मी ऐकतोय."

त्याच वेळी वारा सुटला. समोरची पांढरी भिंत मधोमध फाटली, बाजूला सरली, आणि पायांखाली एकाएकी सगळी दरी उघडी झाली. राखाडी-पांढरे कडे, त्यांच्या कपारींतून लोंबणारं हिरवं रान, तीन ठिकाणांहून कोसळणारं पाणी आणि खूप खूप खाली दोऱ्याएवढी निळी नदी. स्वानंद आनंदानं नाचायलाच लागला. घोषाल नवरा-बायको एकमेकांचा हात घट्ट धरून उभे राहिले.

"हेमा, बोल ना," गोपीनाथराव म्हणाले. "तो नकाशा तुला पहिल्यांदा कधी खुपला? मला खरंच ऐकायचंय. हेमा?"

हेमाताईंनी दरीवरची नजर न काढता एक बोट ओठांवर ठेवलं.

"थांबा हो जरा," त्या म्हणाल्या. "बघू द्या."