एक श्वास आधी

टायपिस्टबाईंची बोटं बावीस वर्षांत पहिल्यांदा चुकली, ती घरात नवा टीव्ही आला त्या मंगळवारी.

बाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण इमारतीत त्या अजून टायपिस्टबाईच. त्यांचं वेड मात्र घरच्यांनाच ठाऊक होतं. ते म्हणजे तालाचा व्हिडिओ गेम. गाणं सुरू झालं की पडद्यावर रंगीत ठिपके वरून खाली उतरतात, आणि ठिपका रेघेवर टेकला की नेमक्या ठेक्यावर बटण दाबायचं. मुलगा अठरा वर्षांचा असताना हा गेम घरात आला. मुलाचं मन महिन्याभरात उडालं आणि आईचं जडलं. आता मुलगा जहाजावर, आठ-आठ महिने बाहेर. गेम तोच, गाणी तीच, आणि परवापर्यंत टीव्हीही तोच होता. पाठीमागे पोट सुटलेला, दोन माणसांशिवाय न हलणारा. एका सकाळी त्याने फट् करून जीव सोडला आणि सुनेने कपाटाएवढा सपाट टीव्ही आणला.

"आई, बघा तरी, किती स्पष्ट दिसतंय!"

स्पष्ट तर दिसत होतंच. चुकासुद्धा स्पष्ट दिसायला लागल्या. बाई अगदी ठेक्यावर बटण दाबत आणि पडद्यावर उमटे, 'उशीर'. पुन्हा दाबलं, 'उशीर'. ज्या गाण्यात त्या मांडीवर वाटाण्याचं ताट घेऊनही शंभरपैकी शंभर मिळवत, त्यात एकेचाळीस!

बाईंना आत्ता हे परवडणारं नव्हतं. कारण बरोबर तीन आठवड्यांनी गेमच्या दुकानदाराने वाचनालयाच्या सभागृहात जोडीची स्पर्धा ठेवली होती, आणि चौदा वर्षांची नात, जी एरवी आजीबरोबर रस्त्यानेसुद्धा चार पावलं पुढे चालायची, ती आपणहून म्हणाली होती, "आजी, आपण दोघी नाव देऊ या. पण माझ्या वर्गातल्या सगळ्या येणारेत. नाक कापू नकोस हं माझं!"

मिनिटाला ऐंशी शब्द टाइप करणाऱ्या बाईने 'माझे हात गेले' हे कोणाला सांगायचं? त्या गुपचूप डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, "माझी दोन बोटं घट्ट दाबा बघू." बाईंनी दाबली. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे." मग म्हणाले, "बाई, सोडा आता."

हात धड आहेत म्हटल्यावर बाईंनी स्वतःच उपाय काढला. ठेका कानावर पडायच्या एक श्वास आधीच बटण दाबायचं. चार दिवस घाम गाळल्यावर जमलं. शुक्रवारी नव्वद आले. शनिवारी त्याच गाण्याला पडदा म्हणाला, 'लवकर'!

मग बाईंनी अर्धा श्वास कमी केला. सोमवारपर्यंत जमलं, आणि मंगळवारी पुन्हा 'उशीर'. एकदा श्वास आधी, एकदा अर्धा, एकदा तर चक्क ठेका होऊन गेल्यावर. रोज सकाळी पहिल्या चार ठोक्यांतच आज हाताचा मूड काय आहे ते ओळखायचं आणि तसं खेळायचं, हा त्यांचा नेमच झाला.

ही सवय गेमपुरती राहिली असती तर बरं. व्यायामवर्गात बाईंची टाळी सगळ्यांच्या आधी पडायला लागली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, एवढी कसली घाई?" घरी बोलणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर तयार.

"हल्ली आई प्रश्न संपायच्या आधीच उत्तर देतात," सून सासऱ्यांना म्हणाली.

"हल्ली?" आजोबा म्हणाले. ते घड्याळजी. चाळीस वर्षं दुसऱ्यांची वेळ दुरुस्त करण्यात गेलेली, त्यामुळे घरात फारसं बोलत नसत. पण बोलले की नेमकं.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात भिंतभर मोठा पडदा लावलेला. सून आणि आजोबा पहिल्या रांगेत. पहिली जोडी आली आणि पडली. दुसरी पडली. सहाव्या जोडीतला मुलगा तर बटणांचा डबा आपटून ओरडला, "काका, पडदा गेमच्या मागे पडतोय तुमचा!"

"सगळ्यांना सारखाच मागे पडतोय," दुकानदार शांतपणे म्हणाला. "सातवी जोडी, या."

गाणं सुरू झालं. नातीचे पहिले चारही ठिपके हुकले. तिचे कान लाल झाले. "आजी, काहीतरी बिघडलंय गं! मी बरोबर दाबतेय!"

बाईंनी तोवर चार ठोके मोजले होते. दीड श्वास. बुधवारपेक्षा बरा, गुरुवारपेक्षा वाईट.

"कान बंद कर," त्या पुटपुटल्या. "माझ्या कोपराकडे बघ. ते हललं की दाब."

"कोपराकडे?"

"वाद नको, दाब!"

नातीने दाबलं. 'अचूक.' पुन्हा 'अचूक.' मागच्या रांगेत वर्गातल्या मुली उठून उभ्या राहिल्या. गाणं संपलं तेव्हा पडद्यावर ब्याऐंशी झळकले. त्याच्या आधीचा सगळ्यात मोठा आकडा होता सत्तावीस.

बक्षीस देताना दुकानदार म्हणाला, "आजी, असल्या पडद्यावर कुणालाच जमलं नाही. तुम्ही कसं साधलंत?"

"आमच्या घरचा याहून वाईट आहे. तो तर रोज बदलतो," हातांचं नाव न काढता बाई म्हणाल्या.

खाली उतरल्यावर घरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नात आधी फुटली. "आजी, नव्या टीव्हीवर चित्र आणि आवाज जरा उशिराच पोचतात. तो फरक भरून काढायला गेममध्ये एक आकडा असतो. तुझं चुकतंय हे दिसलं, म्हणून तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी तो बदलला. तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही."

"तू पण?" सून म्हणाली. "आई दुपारी जरा लवंडल्या होत्या, तेव्हा मी माहितीपत्रक वाचून बदलला. दोनदा."

आजोबा खाकरले. "मी रोज एक-दोन घरं पुढे-मागे करत होतो. घड्याळाला करतात तसं."

बाईंनी आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. म्हणजे तीन आठवडे ज्या हातांना त्या मनातून निरोप देत होत्या, ते हात ठणठणीत होते! राग यायला हवा होता, पण छातीवरचा धोंडाच उतरला होता.

"म्हणजे माझी एकही चूक नव्हती?"

"एकही नाही!" तिघंही एका सुरात म्हणाले.

"मग काल? काल एका गाण्यात अकरा ठिपके हुकले माझे. काल कोणी हात लावला होता?"

नातीने सुनेकडे पाहिलं. सुनेने आजोबांकडे.

"काल तर कुणीच नाही," आजोबा म्हणाले. "आज स्पर्धा, म्हणून परवाच आकडा नीट लावून ठेवला होता मी. अगदी काट्यावर."

बाईंनी बक्षिसाचा कप एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

"नवे टीव्ही भारीच नाजूक," त्या म्हणाल्या आणि नातीचा हात धरून दाराकडे निघाल्या. "काल त्याला बरं नसणार."